चार किलोचं इंजिन

माझी ओळख करून देताना सरांनी टूलरूमच्या नोकरीपासून थेट मुलीच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं, त्यामुळे वेळ जरा आखडलाय. असो. म्हणणं एकच आहे: गाडी स्वतः बांधायची असेल तर चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आधी खऱ्याच्या मापाचं खोटं इंजिन बनवा. एका हाताने उचलेल असं. खरं इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडू द्या.

समोर बाहा आणि फॉर्म्युलाची, म्हणजे कॉलेजच्या गाडी बांधायच्या स्पर्धांची, पोरं बसलीत. तुम्ही म्हणाल, काका, आमच्याकडे कॅड मॉडेल आहे, कॉम्प्युटरवर काढलेलं. असू द्या की! ऑइल फिल्टर स्क्रीनवर मस्त बसतो. तो खोलायला जो पंजा आत घालावा लागतो, तो कोणी काढलाय का मॉडेलमध्ये?

ही हौस मूळची इंग्लंडातली. 1957 साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली. तिकडे तयार गाडीवर पर्चेस टॅक्स बसायचा, सुट्या भागांवर नाही. मग लोक गाडी सुट्या भागांत घरी आणून स्वतः जोडायचे. टॅक्स वाचवायचा तर सोबत जोडणीची पुस्तिका देता येईना, म्हणून चॅपमनने गाडी खोलायची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती मागून वाचायची, असं सांगतात. हसताय काय, आपले सीए त्याच्या पुढचे आहेत. 1973 मध्ये त्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले, ती आजही बनते. आपल्याकडे मात्र असली गाडी ट्रॅकवर नाहीतर शेतात. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय, कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाही. आरटीओत खेटे घालायची हौस असेल तर तो वेगळा विषय.

तर संभाजीनगरजवळ वाळूजला माझ्या एका मित्राचं फॅब्रिकेशनचं शेड. त्याने जुन्या मारुती जिप्सीचं इंजिन आणलं, 1298 सीसीचं, ट्रॅकसाठी दोन सीटची उघडी गाडी करायला. निवड चोख, इंजिन लांबीत बसणारं, ताकद मागच्या चाकांना. पण गडी ते धूड थेट चेसीत बसवायला निघाला. भाड्याची चेनपुली, मे महिना, वर पत्रा. इंजिन खाली सोडलं की स्टिअरिंगचा रॉड मॅनिफोल्डला घासतोय. घ्या वर. पाइप दोन सूत सरकवला, वेल्डिंगचा टाका मारला, सोडा खाली. आता चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, जमिनीला टेकायला आलाय. घ्या वर. शेजारच्या कंपनीतले कामगार चहाच्या सुट्टीत बघायला उभे राहायला लागले. त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, “मालक, विहिरीतला गाळ काढू लालेत का?”

चेनपुलीवाल्याने रविवारचंही भाडं लावलं. रविवारी पुली काय झोपते का, म्हणाला. बरं, पैसे जाऊ द्या. लटकत्या इंजिनाखाली हात घालून माप घेणं म्हणजे बोटांची लॉटरी. शेजारी वेल्डिंग चालू, इंजिनाची हवा ओढायची तोंडं उघडी, ठिणग्या आत. वर वेल्डिंगच्या अर्थचा क्लॅम्प इंजिनालाच लावलेला! करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगचं काय होतं ते इथल्या मेकॅनिकलच्या पोरांना मी सांगायला नको.

शेवटी मी शहरातल्या गुलमंडीकडच्या एका ओळखीच्या मखरवाल्याला घेऊन गेलो. 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आली, तेव्हापासून त्याचा हात रिकामा. पण कसब कुठं जातंय? तापलेली तार घेऊन जाड शीटमधून त्याने सिलिंडर ब्लॉक असा सोडवला की बघत राहावं. मी मापं सांगतोय, तो कापतोय. मधेच थांबून विचारतो, “साहेब, कमळ कुठं बसवायचं?” थर्माकोल घनमीटरला 15 ते 20 किलो भरतो, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या इंजिनाएवढा ठोकळा चार किलोच्या आसपास. अमेरिकेत शेव्हरोलेचा स्मॉल ब्लॉक व्ही-एट फार चालतो, 1955 पासूनचा. ओतीव लोखंडी घेतला तर अडीचशे किलोच्या पुढे. तिकडे त्याची हलकी प्रत दुकानात विकत मिळते. आपल्याला मखरवाला आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. मग आता भरभर.

तीनच गोष्टी मिलिमीटरला पक्क्या ठेवा: क्रँकची मध्यरेषा, बेल हाउसिंगचा चेहरा (जिथे गिअरबॉक्स जोडतात) आणि फाउंडेशनची भोकं (जिथे इंजिन चेसीला बसतं). मापं क्रँकच्या रेषेपासूनच घ्या. चेहरा आणि फाउंडेशन प्लायवूडचं करा, त्यात खरे बोल्ट घाला. बाकी आकार ओबडधोबड चालेल, पण सगळ्यात बाहेर येणारी टोकं सोडू नका. अल्टरनेटर, स्टार्टर, फिल्टर, मॅनिफोल्ड खरेच लटकवा, ते हलके असतात आणि भांडणं तेच लावतात. इंजिन रबरावर डुलतं, तेव्हा सगळीकडे 20 मिमी तरी मोकळं ठेवा. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, त्याच्या दोन टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन सारखे आले पाहिजेत. ठोकळ्याखाली पाचर सरकवून ते आत्ताच जुळतात, चेसी पक्की झाल्यावर नाही.

वेल्डिंगच्या आधी ठोकळा बाहेर काढा, थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो. चिकटवायला सुताराचा पांढरा गोंद घ्या; सॉल्व्हंटचा गोंद आणि स्प्रे पेंट थर्माकोल खातात. आणि या इंजिनाला वजन नाही, हे विसरू नका. स्प्रिंग किती दबतात हे बघताना त्याच्या जागी खऱ्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवा, नाहीतर चेंबरखालची उंची खोटी येईल.

गिअर लिव्हरचं राहिलं. ज्यांना पाहिजे त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, ठोकळा गाडीच्या डिकीत आहे.