चार बोटांची उंची

(पहाट. सिद्धेश्वर तलाव. पाण्यात मंदिराचे प्रतिबिंब.)

सोलापूरचा उन्हाळा एकदा तापू लागला की दिवसभर कोणाला उसंत देत नाही. म्हणून ज्या गोष्टींना मोकळी हवा आणि शांतता लागते, त्या येथे सूर्य वर येण्याआधीच उरकल्या जातात. हा तलाव ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर शिवयोगी होते. त्यांनी लोकांना हाताशी धरून येथे तलाव खोदला, असे परंपरा मानते. खोदकाम जोरात चालू असताना शरण संत अल्लमप्रभू येथे आले आणि बाहेर एवढी खोदाई चालली असताना आतल्या खोदाईचे काय, या अर्थाचा वाद त्यांनी सिद्धरामांशी घातला, अशी कथा बसवेश्वरांच्या शरण परंपरेत सांगितली जाते. त्या वादानंतर सिद्धराम कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला गेले. कष्ट आणि योग यांचे नाते काय, हा प्रश्न या गावाला नवा नाही, एवढ्यासाठीच ही कथा येथे सांगितली. कारण तलावाचा काठ सोडून आपण आता शहराच्या पूर्व भागात चाललो आहोत.

(सूप, कात्री, पाने. हात अगदी जवळून.)

विड्या वळणाऱ्या बायकांचे हे हात पाहा. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान साच्याच्या मापाने कात्रीने कापले जाते, त्यात तंबाखूची चिमूट पसरली जाते, दोन्ही हातांची बोटे पान वळतात, टोकाची कडा आत दुमडतात आणि दोऱ्याचा वेढा घालून मोकळी होतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने बोटे थांबत नाहीत. आणि बोटे थांबत नाहीत म्हणून मांडीवरचे सूप हलत नाही, खाली वाकलेली मान वर होत नाही आणि पाठीला आलेला बाक तसाच राहतो. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या या बायकांना ‘पद्मासनात बसा’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या दुखण्यालाच आसनाचे नाव देणे आहे, असे आम्हाला वाटते.

(शाळेचा व्हरांडा. सकाळचे सहा. चादरी झटकल्या जात आहेत.)

या बायकांच्या योगवर्गात कोणी खास चटई आणलेली नाही. प्रत्येकीने घरातली जुनी सोलापुरी चादर आणली आहे, आणि आजचा पहिला धडा तिची घडी घालण्याचा आहे. चादर आधी लांबीत दुमडायची, मग पुन्हा, मग आडवी. प्रत्येक दुमडीवर तळहात फिरवून सुरकुती काढायची, म्हणजे चार बोटे उंचीची घट्ट बैठक तयार होते. तिच्या मधोमध बसायचे नाही, पुढच्या कडेवर बसायचे. यामागचे कारण साधे आहे. मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असले की जमिनीवर बसताना ते कटीला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या सांगाड्याला, मागे ओढतात, कंबर गोल होते आणि ताठ बसण्यासाठी पाठीला सारखा जोर लावावा लागतो. बैठक चार बोटांनी उंचावली की कटी पुढे झुकते, गुडघे खाली उतरतात आणि कणा फारसे श्रम न घेता उभा राहतो. ज्यांना जमिनीवर बसणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी भिंतीशी खुर्च्या मांडल्या आहेत, आणि खुर्चीवरचा योग हा कमी प्रतीचा योग आहे, असे येथे कोणी मानत नाही.

त्याला आधारही आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील सुमारे दोनशे सूत्रांपैकी आसनाविषयी जेमतेम तीन आहेत. पहिले सूत्र सांगते, ‘स्थिरसुखमासनम्’: आसन म्हणजे जे स्थिर आहे आणि सुखाचेही आहे. दुसऱ्या सूत्रात ‘प्रयत्नशैथिल्य’ हा शब्द येतो. प्रयत्न सैल करणे ही आसन साधण्याची एक वाट आहे, असे ते सूत्र सांगते. आणि ज्यांचा सारा दिवस प्रयत्नातच जातो, त्यांना नेमके हेच सर्वांत अवघड वाटते. लहानपणी आजारांनी खंगलेले योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले, आणि पुढे त्यांनी घोंगडी, विटा, पट्टे आणि खुर्च्या यांचा आधार देऊन आजारी व वयस्क माणसांनाही आसने शिकवली. आपल्या व्हरांड्यातील ही चादर त्याच घरातली म्हणायची.

(श्वास. मिटलेले डोळे. पुटपुटणारे ओठ.)

शिकवणाऱ्या ताई मराठीत मोजतात, तेलुगू बोलणाऱ्या या बायका मात्र मनात तेलुगूत मोजतात: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. श्वास चार अंकांत आत येतो आणि सहा अंकांत बाहेर जातो. तो कोठेही कोंडायचा नाही. ‘अक्का, खांदे खाली,’ एवढेच ताई मधूनमधून म्हणतात. मग मनगटे गोल फिरवली जातात, आणि विडी वळताना सतत मिटलेली बोटे एकेक करून मागे उघडली जातात.

रक्तदाब, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कंबर हलकी वाटते, असे काही जणी सांगतात. तंबाखूच्या धुळीवर आणि मजुरीच्या दरावर मात्र कोणत्याही आसनाचा इलाज चालत नाही.

(शवासन. वरून घेतलेले दृश्य.)

आता तीच चादर गुंडाळून गुडघ्यांखाली गेली आहे, त्यामुळे कंबर जमिनीला टेकली आहे. प्रेतासारखे उताणे पडून राहणे थकवा घालवते आणि चित्ताला विश्रांती देते, असे हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ सांगतो. पहिल्या दिवशी येथे कोणाचेच हात स्वस्थ पडून राहिले नव्हते. अंगठा आणि तर्जनी हवेतच पान वळत होती. आज पाहा, उजवीकडच्या तिसऱ्या अक्कांची बोटे अजूनही अधूनमधून हलतात, आणि मग थांबतात.

व्हरांड्यात ऊन आले आहे. चादरी झटकून पुन्हा घडी घातल्या जात आहेत, आणि दाराशी टेकवून ठेवलेली सुपे एकेक करून उचलली जात आहेत.