अडीच हंगामांचा हुआन सोतो

पडद्यावर दिसणारा हा डावखुरा फलंदाज चेंडू सोडून देतो, गुडघ्यांत वाकून जागच्या जागी डुलतो आणि पिचरकडे (चेंडू फेकणाऱ्याकडे) रोखून पाहतो. हुआन सोतोची ही लकब बेसबॉलच्या प्रेक्षकांना पाठ आहे. कोणता चेंडू मारायचा नाही हे त्याच्याइतके नेमके ओळखणारे फलंदाज विरळाच, आणि अशा फलंदाजासाठी सॅन डिएगो पाद्रेस संघाने २ ऑगस्ट २०२२ रोजी आपली घडत असलेली पिढीच वॉशिंग्टन नॅशनल्सच्या हवाली केली.

सोतो तेव्हा २३ वर्षांचा होता आणि २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचे, विजेतेपद त्याच्या नावावर जमा होते. १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा देकार त्याने नाकारला, तेव्हा तो हातचा जाण्याआधी त्याचे मोल वसूल करावे, असे नॅशनल्सने ठरवले. सोतो आणि जॉश बेल यांच्या बदल्यात त्यांना शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) सी. जे. एब्रम्स, पिचर मॅकेन्झी गोर, आउटफिल्डर (दूरचा क्षेत्ररक्षक) रॉबर्ट हॅसेल, १९ वर्षांचा, साडेसहा फूट उंचीचा जेम्स वुड आणि १८ वर्षांचा आणखी एक पिचर मिळाला. सोबत पाद्रेसचा एरिक हॉस्मरही जायचा होता. परंतु करारातील नकाराधिकार वापरून त्याने वॉशिंग्टनला जाण्यास साफ नकार दिला आणि ऐन वेळी त्याच्याऐवजी सहकारी लूक व्हॉइटला बॅग भरावी लागली.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा व्यवहार विचित्र वाटेल, कारण येथे खेळाडूची किंमत खेळाडूंनी चुकवली जाते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क राहतो आणि सुरुवातीच्या वर्षांत तो किमान वेतनाच्या आसपासच खेळतो. २०२२ मध्ये हे किमान वेतन ७ लाख डॉलर होते, तर सोतोचे मानधन १ कोटी ७१ लाख डॉलर. त्याच्यावरचा हक्क २०२४ अखेर संपणार होता. म्हणजे पाद्रेसने सोतो नव्हे, तर सोतोचे अडीच हंगाम घेतले होते.

त्यातला पहिला अर्धा हंगाम फिकाच गेला. ५२ सामन्यांत ६ होमरन (मैदानाबाहेर जाणारे फटके) आणि ०.२३६ ची सरासरी, म्हणजे शंभरातल्या जेमतेम २४ प्रयत्नांत यशस्वी फटका, एवढीच त्याची कमाई होती. पण १५ ऑक्टोबरच्या त्या पावसाळी रात्री, १११ सामने जिंकून आलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध ०-३ असे मागे पडलेले पाद्रेस सातव्या डावात पेटले, सोतोच्या फटक्याने ३-३ अशी बरोबरी झाली, पाद्रेस जिंकले आणि बलाढ्य शेजारी स्पर्धेबाहेर फेकला गेला. १९६९ पासून एकही वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या शहरासाठी त्या रात्रीची किंमत कोणत्या तक्त्यात मांडायची? पुढच्या फेरीत फिलाडेल्फियाने त्यांना हरवले, तरीही.

२०२३ मध्ये गणित उलटे फिरले. सोतोने सर्व १६२ सामने खेळून ३५ होमरन मारले, १३२ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) मिळवले. संघ मात्र एका धावेने निकाल लागलेल्या ३२ सामन्यांपैकी केवळ ९ जिंकू शकला आणि ८२-८० वर थांबून प्लेऑफला मुकला. सिद्ध खेळाडू आणण्याचा निर्णय आमच्या मते चुकला नव्हता. चूक म्हणायची तर ती, एका आउटफिल्डरने बाकीच्या उणिवा झाकल्या जातील, या हिशेबात होती.

वॉशिंग्टनची बाजूही वाटते तितकी सोपी नाही. होतकरू खेळाडूंपैकी बहुतेक जण पार वाहून जातात. येथे तर एब्रम्स २०२४ मध्ये, गोर आणि वुड २०२५ मध्ये ऑल-स्टार झाले, म्हणजे लीगच्या निवडक संघात आले. एवढे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. तरीही २०२५ मध्ये नॅशनल्स ९६ सामने हरले.

इकडे पाद्रेसने डिसेंबर २०२३ मध्ये सोतोला न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवले. त्या बदल्यात आलेल्यांपैकी मायकेल किंग संघात रुजला आणि ड्रू थॉर्प हा तरुण पिचर काही महिन्यांतच पिचर डिलन सीससाठीच्या व्यवहारात शिकागोला गेला. २५ जुलै २०२४ रोजी याच सीसने एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) न देता अख्खा सामना जिंकला. मैदान वॉशिंग्टनचे होते, समोर नॅशनल्स होते, आणि शेवटचा फटका हवेत झेलला गेला तो सी. जे. एब्रम्सचा.