बोलका ससेक्स

[दृश्य: काटेरी जाळी हलतेय. कुत्रा दिसत नाही, भुंकणं ऐकू येतंय.]

दिसत नाही ना? फुलरसाहेबांनाही दिसत नसे.

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये ब्राइटलिंग नावाचं गाव आहे. तिथल्या रोजहिल इस्टेटीवर ऑगस्टस एलियट फुलर यांनी 1795 च्या सुमारास स्पॅनियल या लांब कानांच्या शिकारी कुत्र्यांची पैदास सुरू केली आणि ती पुढे पन्नासेक वर्षं चालवली. इथली जमीन चिकणमातीची, झुडपं दाट. बुटका कुत्रा आत शिरला की बंदूकवाल्याला त्याचा पत्ताच लागायचा नाही. म्हणून फुलरांनी बोलका कुत्रा घडवला. बाकीचे स्पॅनियल शिकारीत बहुधा गप्प असतात. हा ससेक्स स्पॅनियल मात्र वास लागला की आवाज देतो. आत ससा आहे की पाखरू, हे जाणते शिकारी नुसत्या त्या आवाजावरून ओळखत, असं सांगतात.

[दृश्य: उन्हातली पायवाट. कुत्री समोरून येतेय.]

ही चाल बघा. उंची जेमतेम 40 सेंटिमीटर, वजन 23 किलोच्या आसपास. धड लांब, पाय आखूड, त्यामुळे अंग डुलतं. रंग गुळाच्या ढेपेचा, केसांची टोकं सोनेरी. कपाळावरच्या आठ्यांमुळे रागावल्यासारखी वाटते, पण स्वभाव मायाळू. हट्टी मात्र आहे. आवाज चढवून उपयोग नाही, चुचकारूनच शिकवायचं. आणि दारात कुणी आलं, तर पहिली वर्दी हिचीच.

[दृश्य: कान विंचरणारे हात.]

कान लांब, केसाळ. आत हवा खेळत नाही. दर आठवड्याला तपासायचे, पुसून कोरडे ठेवायचे. रानातून आल्यावर पंजांतली कुसळं काढायची. खाणं मोजून द्यायचं, कारण अंग लवकर सुटतं आणि भार सांध्यांवर येतो. पिल्लांना जिने नकोत, उंचावरून उड्या नकोत. काहींच्या हृदयात जन्मजात दोष असतो, तेव्हा पिल्लू घेण्याआधी तपासणी हवीच.

[दृश्य: जुने फोटो.]

दुसऱ्या महायुद्धात माणसांनाच रेशन होतं. कुत्र्यांची पैदास करणाऱ्या जॉय फ्रीअर यांनी तेव्हा बोटांवर मोजण्याइतके ससेक्स जगवले. त्यांनी ते जगवले नसते, तर पुढचं दृश्य आपल्याला टिपताच आलं नसतं. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर श्वानप्रदर्शनात स्टंप नावाचा दहा वर्षांचा ससेक्स सर्वोत्कृष्ट ठरला. ब्रिटनमध्ये मात्र ही जात आजही केनेल क्लब या श्वानसंस्थेच्या, धोक्यातल्या देशी जातींच्या यादीत आहे.

[दृश्य: पिल्लं.]

सात आठवड्यांची आहेत. डावीकडचं ते, कालपासून भुंकायला लागलंय.