कणीक वाळली की

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय हेडफोनच्या गाद्यांबद्दल. कानावर बसतात ना, त्या दोन मऊ गाद्या. कुणी इअरपॅड म्हणतं, दुकानदार कुशन म्हणतो, मी आपला गादीच म्हणतो. विषय एवढासा आहे, पण या गादीनं एकदा माझं नाक असं कापलंय की आजही हेडफोन हातात घेतला की आधी तिलाच चाचपून बघतो.

घरात कानभर बसणारा हेडफोन असेल, मुलांचा असो, नातवंडांचा असो, तो घेऊन या जवळ. काढल्यावर गालाला, कानाच्या पाळीला काळे कपटे चिकटतात का? आमच्या स्टुडिओत हे फार चालायचं. डबिंग करून माणूस बाहेर आला की कानावर काळे ठिपके. मग कुणीतरी विचारणारच, "काय रे, कुणाला तिलांजली देऊन आलास?"

हे कपटे दिसायला लागले की बहुतेक जण गाल पुसतात आणि पुढच्या कामाला लागतात. मीही तेच करत होतो. आता गोष्ट ऐका.

आषाढी जवळ आली होती. एका गावातल्या भजनी मंडळाचा कार्यक्रम आम्ही देवळातच ध्वनिमुद्रित करून आणला होता. बुवांचा आवाज खणखणीत, टाळकरी बारा-पंधरा, आणि मृदंगाला साठीच्या पुढचे एक शेतकरी गृहस्थ. हात असा की टाळांच्या गजरातही बोल न् बोल वेगळा कळावा. संकलनाला मी बसलो रात्री. स्टुडिओतला मोठा स्पीकर दुरुस्तीला गेलेला, म्हणून सगळं काम हेडफोनवर. तो हेडफोन सगळ्यांचा होता, आणि सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नव्हे. (जाता जाता सांगतो, टूथब्रश आणि हेडफोन या उसन्या द्यायच्या वस्तू नाहीत. तुम्ही मला कोता म्हणा, मी देत नाही.)

तर ऐकायला लागलो आणि मृदंग मला पोकळ वाटायला लागला. उजव्या हाताचे बोल टणटणीत, पण डाव्या बाजूचा तो भरीव घुमारा कुठेच नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक भिजवून थापतात. ओल्या कणकेच्या वजनानं तो आवाज खाली उतरतो, घुमतो. मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्यानं कणीक कमी लावलेली दिसतेय. आणि काय केलं? खर्जाचं बटण फिरवलं वर. अजून थोडं. आणखी थोडं. कानाला गोड लागेपर्यंत फिरवत राहिलो. मग चहा प्यायलो आणि आपल्याच कानावर खूष होऊन घरी गेलो.

एकादशीच्या पहाटे कार्यक्रम लागला. चार दिवसांनी भजनी मंडळाचं पत्र आलं. मजकूर अगदी अदबीचा. कार्यक्रम प्रसारित केल्याबद्दल आभार, मात्र गावात ज्यांनी ज्यांनी ऐकला त्यांना मृदंग ढगासारखा गडगडत होता आणि बुवांचे शब्द त्याखाली सापडत नव्हते, असं का झालं असावं?

मी काय उत्तर दिलं असेल? सांगायची लाज वाटते. मी लिहिलं की मृदंगाला कणीक कमी पडली होती, त्यामुळे आम्हाला आमच्या परीनं आवाज वाढवावा लागला. खाली सही. सहीखाली हुद्दा.

पुढच्याच आठवड्यात ते गृहस्थ स्वतः दारात हजर. एसटीनं आले होते. डोक्याला टोपी, खांद्याला गवसणीत घातलेला मृदंग. रागावलेले म्हणावेत तर तसंही नाही. म्हणाले, "सायेब, माझी कणीक कमी पडली म्हनून तुमी लिवलंय. तर म्हनलं, किती लावायची ते तुमच्याकडून शिकून घ्यावं."

श्रोतेहो, यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी आमच्या कँटीनमधून मूठभर कणीक मागून आणली. तिथंच बसून भिजवली, मळली, थापली, बोटांनी कडा दाबत दाबत बसवली. स्टुडिओत बसून वाजवायला लागले. मी काचेच्या अलीकडे, तोच हेडफोन कानावर. आणि आवाज? पोकळ! तसाच पोकळ. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मी काचेतून हातानंच खूण केली, बघा, नाहीच येत. त्यांनी मला आत बोलावलं. मी हेडफोन काढून आत गेलो, त्यांच्यासमोर चटईवर बसलो. त्यांनी एक थाप मारली, आणि ती माझ्या छातीत वाजली. इतका भरलेला आवाज होता तो.

मी गप्प. मग तेच म्हणाले, "मी ऐकू का त्यात?"

आमच्या सहकाऱ्यानं नुकतंच वाजवलेलं त्यांना ऐकवलं. त्यांनी टोपी काढली, हेडफोन लावला, दोन क्षण डोळे मिटले. आणि मग सवयीनं, जशी मृदंगाच्या तोंडावरची कणीक चाचपतात ना, तशी हेडफोनची गादी बोटांनी गोल गोल दाबून बघितली. दोन्ही तळव्यांनी कानावर दाबली. सोडली. परत दाबली. सोडली. बोटांना लागलेले काळे कपटे माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "सायेब, ह्याची कणीक वाळलीया."

मी हेडफोन घेऊन तळव्यांनी दाबला. घुमारा आला. सोडला, गेला. हेडफोनचा आतला, थरथरून आवाज काढणारा पडदा ठणठणीत होता, मृदंग ठणठणीत होता, वाजवणारा तर होताच होता. वाळली होती ती गादी. वरचं रेक्झिनसारखं कातडं उडालेलं, आतला स्पंज चेपून पापडासारखा झालेला.

जाताना त्यांनी विचारलं, "आमी दर वेळेला कणीक नवी लावतो, वाजवून झालं की खरडून काढतो. तुमी ही किती दिवसानं बदलता?" ती गादी सहा वर्षांची होती. मी सांगितलं नाही. चहा मागवला.

दुसऱ्याच दिवशी पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन गाद्यांचा जोड आणला, पदरचे पैसे घालून. बसवला, आणि माझं ते संकलन पुन्हा ऐकलं. ढगच गडगडत होते. पत्रात अक्षरन् अक्षर खरं लिहिलं होतं. मूळ टेपवरून सगळं नव्यानं केलं, कार्यक्रम परत लावला, मंडळाला दुसरं पत्र लिहिलं. त्यावर मात्र हुद्दा नाही घातला.

असो. आता यामागचं कारण. खालचे स्वर, म्हणजे खर्ज, कानापर्यंत नीट पोचायचा तर गादी आणि डोकं यांच्यामध्ये फट नसावी लागते. हेडफोनचा पडदा अगदी छोटा. त्यानं ढकललेली हवा कानाभोवती कोंडून राहिली तरच खर्ज टिकतो. गादी भेगाळली, चेपली, की हवा निसटते आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. वरचे स्वर राहतात, उलट टोचायला लागतात, कारण चेपलेल्या गादीमुळे कान पडद्याच्या जवळ गेलेला असतो. गादी गेली की खर्ज जातो, तेवढं ध्यानात ठेवा.

ओळखायचं कसं, ते मृदंगवाल्यांनी दाखवलंच. ओळखीचं गाणं लावा, ढोलकी असलेलं, तबला असलेलं. दोन्ही तळव्यांनी हेडफोन हलकेच दाबा. थोडा फरक नव्या गादीलाही पडतो. पण दाबल्यावर जणू दुसरंच गाणं सुरू झालं असं वाटलं, तर गादी बदला. पुन्हा सांगतो. दाबा, सोडा, ऐका.

आणि लोक काय करतात? आवाज वाढवतात. खर्ज कमी येतो म्हणून आवाज वाढवायचा, म्हणजे आमटी अळणी झाली म्हणून चार वाट्या जास्त प्यायची. हल्ली लग्नात ते डीजेवाले करतात तेच. छातीत धडधडतं, गाण्याचा शब्द एक कळत नाही. पूर्वी सनईवाला एका कोपऱ्यात बसायचा आणि मंडपात माणसं एकमेकांशी बोलू शकायची. पण तो विषय वेगळा.

स्वच्छता. या गाद्या बहुधा पॉलियुरेथेनच्या, आणि दमट हवा आणि घाम हे या कातड्याचे वैरी. मुंबई-कोकणातल्या हवेत, नुसता डब्यात पडून राहिलेला हेडफोनसुद्धा काही वर्षांत सोलवटतो. म्हणून वापरून झाला की ओलसर, घट्ट पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसायचा, मग कोरड्यानं. फार कळकट असेल तर फडक्याला सौम्य साबणाचा एक थेंब. स्पिरिट नको, सॅनिटायझर नको, त्यानं कातडं कोरडं पडून तडकतं. आणि खोबरेल तर अजिबात नको! आपल्याकडे कशालाही खोबरेल लावतात, बिजागरीला, टाचेला, तसंच कुणीतरी चकाकी यावी म्हणून गादीला लावतं. नका लावू. डोक्याला तेल चोपडून हेडफोन घालू नका, हेही त्यातच आलं.

मखमली कापडाची गादी असेल तर ती काढून कोमट पाण्यात धुता येते. पिळायची नाही, पंच्यात दाबायची, सावलीत वाळवायची. पुरती वाळल्याशिवाय बसवायची नाही. बुटांच्या खोक्यात ती छोटी पुडी येते ना, ओल शोषणारी, ती फेकू नका. हेडफोनच्या डब्यात टाका.

बदलताना जोडीनं बदला. एक नवी, एक जुनी असं केलंत तर गाणारा एका कानाकडे सरकतो. बऱ्याच गाद्यांना मागे कातड्याची झालर असते, ती खाचेत बसवायची. एका टोकाला अडकवून अंगठ्यानं फिरत फिरत जायचं, उशीला अभ्रा चढवतो तसं. अडलं तर जुनं एटीएम कार्ड सरकवा. काही हेडफोनांना गादी फिरवून किंवा कडीनं बसते, तिथं जोर करू नका. आत पडद्यापुढे स्पंजची पातळ चकती असते, ती कचरा समजून फेकू नका, तिच्यावरही वरचे स्वर अवलंबून आहेत.

मापाची, आपल्याच मॉडेलची गादी घ्या. स्टुडिओंत हमखास दिसतो तो सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासूनचा. त्याच्या गाद्या सुट्या मिळतात, कितीतरी हेडफोनांच्या मिळतात. काही शेकड्यांत काम होतं आणि हजारोंचा हेडफोन वाचतो. फक्त कातड्याच्या जागी मखमली घातलीत, किंवा जास्त जाड घातलीत, तर आवाज बदलणार. मखमलीतून हवा झिरपते, खर्ज थोडा उतरतो. जाड गादीनं कान लांब जातो, गाणं जरा दुरून आल्यासारखं वाटतं. कुणाला ते आवडतं. मला बुवा समोर बसलेले लागतात.

काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत मला. एकच राहिलं, चष्मा! चष्म्याची काडी गादी आणि डोक्याच्या मध्ये येते, तिथूनही हवा निसटते आणि खर्ज जातो. गादी बदलायला निघण्याआधी चष्मा काढून एकदा ऐका. नमस्कार.