कांद्याचं राजकारण

श्रोतेहो, नमस्कार.

साखर कारखानदारांना सरकारदरबारी काही हवं असलं तर एखादी बैठक पुरते. माणसं थोडी, ओळखी भरपूर. कांदा उत्पादकाचं नेमकं उलटं. माणसं लाखांनी, पण गावोगाव विखुरलेली. त्यात लाल कांदा साठवताही येत नाही, त्यामुळे मिळेल त्या भावात मोकळं व्हायचं.

अशा लोकांचा दबाव तयार व्हायचा कसा? शरद जोशींनी त्याची एक रीत बसवली. बर्नच्या जागतिक टपाल संघातली नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतीचा जमाखर्च स्वतः मांडला. १९७८च्या चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटनेची वाट सुरू झाली.

वीज, बियाणं, कर्ज, मागण्यांना काय तोटा? जोशींनी एकच धरली, उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. माझ्या मते खरी ताकद इथे होती. नांगरट, खत, मजुरी, हमाली, तोलाई वजा जाता हाती काय उरलं, हा हिशेब ज्याचा त्याला घरी करून बघता येत होता. तो पटवायला पुढारी लागत नव्हता. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत तर याचना उरलीच नाही.

नोव्हेंबर १९८०मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली गेली. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. १९८६ला चांदवडला संघटनेच्या महिला अधिवेशनात बाया प्रचंड संख्येने आल्या. भावाचा प्रश्न घरातला झाला होता.

पण समोर शहरी ग्राहक असतो. त्याची ना संघटना, ना बिल्ला. तरी कांदा महागला की बातमी होते आणि दिल्ली हलते. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली, ती अशीच. लासलगावच्या कांदा बाजारात लिलाव थांबले, चांदवडला पुन्हा महामार्ग अडला. बंदी काही उठली नाही. ती उठली ४ मे २०२४ला, तीही किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याखाली परदेशी विकता येत नाही अशी किंमत, आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक-दिंडोरीत लोकसभेचं मतदान २० मेला होतं.