बेडकांसाठी फळमाश्या: कल्चर मध्येच का बसतं?

नमस्कार मंडळी. आधी ही बरणी बघा.

(बरणी कॅमेऱ्याजवळ)

तळाशी भुरकट लगदा, वर चुरगळून घातलेले कॉफी फिल्टर, आणि काचेला चिकटलेले हे तांबूस दाणे म्हणजे कोष. एक-दोन दिवसांत यातून माश्या बाहेर पडतील.

डार्ट फ्रॉग, मँटेला (दोन्ही हौसेनं पाळले जाणारे छोटे रंगीत बेडूक) किंवा कुठल्याही बेडकाचं नुकतं शेपूट गळालेलं पिल्लू घ्या. तोंड एवढंसं, आणि समोर हललं तरच त्याला ते खाणं वाटतं. म्हणजे खाणं जिवंत हवं, बारीक हवं आणि जवळजवळ रोज हवं. म्हणून ही बरणी, म्हणजेच फळमाश्यांचं कल्चर: माश्या आतच वाढतात आणि नव्या निघत राहतात.

मला सगळे विचारतात ते माश्यांच्या खाण्याच्या मिश्रणाचं प्रमाण. खरं सांगू? तो यातला सगळ्यात सोपा भाग. कल्चर बसतं, म्हणजे माश्या निघणं थांबतं, ते उष्णतेनं, माइट्सनं (कोळ्यांच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) आणि आपण नवी बरणी लावायला उशीर केला म्हणून. तेव्हा मिश्रण पटकन उरकू.

चार भाग बटाट्याचे फ्लेक्स, एक भाग पिठीसाखर, अर्धा भाग ब्रूअर्स यीस्ट, चिमूटभर दालचिनी. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून हे सगळं भिजवायचं. दालचिनी आणि व्हिनेगर बुरशी रोखायला. बरणी आडवी केली तरी मिश्रण घसरायला नको, इतपत घट्ट. गार झालं की वरून बेकिंगच्या यीस्टचे थोडेसेच दाणे. ब्रूअर्स यीस्ट मेलेलं असतं, ते नुसतं पोषण. हे दाणे जिवंत असतात, आणि अळ्या मुख्यतः त्यांच्यावरच वाढतात. झाकणाला बारीक जाळीचं कापड हवंच, नाहीतर आंबताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो आणि माश्या मरतात.

आता माश्या कुठल्या? दोन जाती चालतात. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर लहान आणि झटपट. ड्रोसोफिला हायडाय जरा मोठी, पण पिढी तयार व्हायला तिला बराच जास्त वेळ लागतो. सुरुवात मेलानोगॅस्टरनं करा. मात्र केळ्यावर घोंगावणारी चिलटं पकडून आणू नका, ती घरभर उडतील. आपल्याला न उडणारा वाण हवा. खुरटे पंख असलेला वाण थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत सापडला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. याच माशीवरच्या कामासाठी त्यांना १९३३ साली नोबेल मिळालं. आपण ते संशोधन बेडकाला खाऊ घालतो, ते सोडा.

इथे एक मेख आहे. हा खुरटेपणा अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. बाहेरचं एक जरी चिलट बरणीत शिरलं, तरी त्याची पिल्लं उडणारी निघतात. अशी बरणी वाचवत बसू नका, काढून टाका. आणि खुरट्या पंखांच्या वाणात जास्त उष्णतेनंही पंख बऱ्यापैकी वाढतात.

उष्णतेचं नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. अंडं एका दिवसात फुटतं, मग चार-पाच दिवस अळी, तेवढेच दिवस कोष. खोली गार असेल तर हे लांबतं, बिघडत काही नाही. पण ३० अंशांच्या आसपास नर वांझ होतात. माश्या दिसतात, फिरतात, अळ्या मात्र धरत नाहीत. आणि आंबणारं मिश्रण स्वतःच ऊब सोडतं, त्यामुळे बरणीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा जास्त असतं. टेरेरियमच्या, म्हणजे बेडकांच्या काचेच्या पेटीच्या, दिव्यावर बरण्या रचणाऱ्यांनी हे ऐका.

दुसरा शत्रू माइट्स. धुळीसारखे पांढुरके, काचेवर हळूहळू सरकताना दिसतात. खाणं पळवतात आणि माश्यांच्या अंगाला चिकटून पुढच्या बरणीत जातात. म्हणून महिना उलटलेली बरणी ठेवायची नाही, अजून थोड्या माश्या देत असली तरी. बरण्या साबणाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये उंचवट्यावर ठेवा. नवी बरणी लावताना माश्या आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवा, बरेचसे माइट्स झडतात.

आणि वेळ. दर आठवड्याला एक नवी बरणी, जुनी कितीही भरलेली दिसली तरी. पहिल्यांदा निघालेल्या माश्या बेडकांच्या नाहीत, पुढच्या बरणीच्या. पन्नास-शंभर तिकडे सोडा, मग उरलेल्या खायला घाला. लोक नेमकं उलटं करतात.

खायला घालताना बरणी टेबलावर हलके आपटा, माश्या खाली पडतात. झाकण काढून कपात ओता, चिमूटभर कॅल्शियमची पावडर टाकून गोल फिरवा आणि लगेच द्या. माश्या अंग साफ करतात, पावडर फार काळ टिकत नाही. हे टाळू नका. माशीत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, नुसत्या माश्यांवर बेडकाची हाडं ठिसूळ होतात. व्हिटॅमिन डी३ असलेलं कॅल्शियम नेहमीचं, आणि अधूनमधून व्हिटॅमिन ए, तेही रेटिनॉल, म्हणजे तयार व्हिटॅमिन ए, स्वरूपातलं. ए कमी पडलं की जिभेचा चिकटपणा जातो. बेडूक झेप घेतो, जीभ मारतो आणि माशी सुटते. असं वारंवार दिसलं तर पशुवैद्याकडे जा.

जाता जाता, डार्ट फ्रॉगचं विष जंगलातल्या मुंग्या आणि माइट्स खाऊन येतं. माश्यांवर वाढलेल्यात ते नसतं.

थोडक्या वेळात संपतील एवढ्याच माश्या सोडा. उरलेल्या रात्री बेडकांच्या अंगावर चढून त्यांना हैराण करतात. कोपऱ्यात केळ्याची चकती ठेवली की माश्या तिथे जमतात आणि बेडूकही तिथेच येऊन बसायला शिकतात. चकती दुसऱ्या दिवशी काढा. आणि बाद झालेली बरणी कचऱ्यात टाकण्याआधी एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, घरच्यांना विचारून.