जुना संगणक, चार्जरसकट

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळीपूर्वी माळा साफ करायला घेतला की पितळेची भांडी, मोडकी खुर्ची आणि रद्दीचे गठ्ठे यांच्याबरोबर हल्ली आणखी एक वस्तू हमखास खाली येते, ती म्हणजे जुना लॅपटॉप. भंगारवाल्याला द्यायला मन होत नाही, ठेवावा तर घरात कोणी हात लावत नाही, आणि मग कोणीतरी सुचवते की एखाद्या गरजू मुलाला देऊन टाका. आज मला बोलायचे आहे ते या ‘देऊन टाका’विषयी. पुण्यात आम्ही आठदहा जण, बहुतेक निवृत्त, दर रविवारी एका खोलीत बसून असे संगणक दुरुस्त करतो आणि ज्या घरांत संगणक कधी आलाच नाही तिथे पोचवतो. हे काम करताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती अशी की यातली दुरुस्ती हा सर्वांत सोपा भाग आहे. देणाऱ्याने वस्तू कशी दिली आणि घेणाऱ्याच्या घरी ती कशी नांदली, यावरच सारे अवलंबून असते.

आमच्यापैकी बहुतेकांना या कामाची निकड कळली ती २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्यावर. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भारतातल्या शंभर घरांपैकी जेमतेम चार घरांत आणि शहरी भागातल्या शंभरपैकी सुमारे तेवीस घरांत संगणक होता. त्यानंतर दोनच वर्षांत सगळी शाळा पडद्यावर आली. घरात एकच स्मार्टफोन, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणार आणि रात्री परत आल्यावर दोन भावंडांत त्याची वाटणी होणार, असे चित्र आम्ही वस्तीवस्तीत पाहिले. फोनवर धडा ऐकता येतो, हे खरे. परंतु दोन पानांचा निबंध लिहायचा, प्रकल्पासाठी तक्ता मांडायचा, अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना तीन कागदपत्रे योग्य आकारात जोडायची, ही कामे त्या पाच-सहा इंचांत करून पाहिली म्हणजे संगणकाला अजून पर्याय का नाही ते समजते.

आता हे संगणक येतात कुठून, हे सांगितले पाहिजे. घरगुती दान येते, पण खरा साठा कचेऱ्यांमध्ये असतो. आपल्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात संगणक आणि लॅपटॉप यांचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरलेले आहे. त्यामुळे तीन वर्षांनी हिशेबाच्या वहीत त्या यंत्राची किंमत जवळजवळ उरत नाही, जरी टेबलावरचे यंत्र ठणठणीत असले तरी. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, म्हणजे कंपनीकडून तिला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली चिप, लागतो. परिणाम असा, की सहावी किंवा सातवी पिढी असलेली उत्तम यंत्रे केवळ या एका अटीमुळे कचेरीबाहेर पडत आहेत. आमच्या दृष्टीने ही यंत्रे तरुण आहेत.

एक प्रसंग सांगतो. एका कचेरीने आम्हाला एकदम वीसेक लॅपटॉप दिले. छोटा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, फोटो निघाले. रविवारी आम्ही पहिला लॅपटॉप सुरू केला तो पडद्यावर कुलपाचे चित्र आणि पासवर्डची चौकट. दुसरा तसाच, तिसराही तसाच. हा विंडोजचा पासवर्ड नव्हता, तो विंडोज नव्याने बसवली की जातो. हा त्याहून खालच्या थरातला, यंत्राच्या मूळ बोर्डावर बसलेला बायोसचा पासवर्ड होता, आणि तो ज्यांनी घातला ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. व्यवसायासाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मुद्दाम भक्कम केलेले असते, चोरीला आळा बसावा म्हणून. शेवटी त्या वीसांपैकी बहुतेकांचे आम्ही सुटे भाग केले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की दान स्वीकारण्यापूर्वी कचेरीतल्या संगणक विभागाने प्रत्येक यंत्र आमच्यासमोर सुरू करून दाखवावे. काहींना याचा राग येतो, दान देणाऱ्याची परीक्षा घेता का, असे विचारतात. घेतो.

देणाऱ्यांची दुसरी काळजी आपल्या माहितीची असते, आणि ती अगदी रास्त आहे. फाइल पुसली किंवा डिस्क झटपट फॉरमॅट केली म्हणजे माहिती गेली, हा समज चुकीचा आहे. पुस्तकातली अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच ठेवावी, तसा तो प्रकार असतो. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत निरर्थक आकडे लिहून काढतो, आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात. एसएसडीची, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्यावर वरून लिहिलेले नेमके त्याच जागी पडेल याची खात्री नसते, कारण सर्व भाग सारखे झिजावेत म्हणून ती डिस्क आतल्या आत जागा बदलत राहते. म्हणून तिला तिच्याच अंगभूत आज्ञेने पुसावे लागते. बिघडलेली डिस्क आम्ही देणाऱ्यासमोर फोडतो. मात्र पुसण्याआधी आत डोकावायचे नाही, हा संकेत आम्ही कसोशीने पाळतो. एकदा एक काकू डोळ्यांत पाणी आणून परत आल्या, मुंजीचे फोटो त्यातच राहिले होते. तोवर उशीर झाला होता. तेव्हा आपले जे काही असेल ते आधी काढून घ्या, ही विनंती.

यानंतर यंत्र उघडायचे. सर्वांत आधी पाहायची ती बॅटरी. लॅपटॉपची खालची बाजू टेबलावर डुगडुगत असेल, किंवा बोट फिरवायची पट्टी वर आली असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. तिला टोचायचे नाही, दाबायचे नाही, घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकायचे नाही. मग धूळ. डेस्कटॉपच्या पेटीत कधी झुरळांचा संसार निघतो, एकदा वाळलेली पाल निघाली. पंखा ब्रशने साफ करताना तो बोटाने धरून ठेवावा लागतो, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावावी लागते आणि रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीची, सोनेरी टोके शाळेतल्या साध्या खोडरबराने हलकेच घासली की ‘मेलेला’ म्हणून आलेला संगणक पुष्कळदा डोळे उघडतो. नाण्याएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी बोर्डावर असते. ती संपली की संगणक तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षेची प्रमाणपत्रे त्या जुन्या तारखेला अजून सुरूच झालेली नसतात. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीवर काही रुपयांचे ते नाणे हाच उपाय असतो, हे मी किती जणांना सांगितले असेल!

जो खर्च आम्ही कधी टाळत नाही तो म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याचा, आणि चार जीबीची रॅम आठ करण्याचा. जो संगणक सुरू व्हायला चहा करून यावे एवढा वेळ घेत होता, तो अर्ध्या मिनिटात तयार होतो. ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा संगणकाला हात लावला आहे, त्याच्यासमोर सतत अडणारे यंत्र ठेवले, तर दोष यंत्राचा आहे हे त्याला कळत नाही. आपल्यालाच जमत नाही, असे तो धरून चालतो. माझ्या नातवासमोर जे मी ठेवणार नाही ते दुसऱ्याच्या मुलासमोर ठेवायचे नाही, एवढीच आमची कसोटी आहे.

आता विंडोज की लिनक्स, हा आमच्या खोलीतला कायमचा वाद. मूळ बोर्डावर विंडोजचा परवाना असेल आणि यंत्र नव्या आवृत्तीच्या अटींत बसत असेल, तर आम्ही विंडोजच ठेवतो. एरवी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, आणि लेखन व तक्त्यांसाठी तसेच मोफत लिबरऑफिस. चोरीची विंडोज बसवायची नाही, यावर एकमत आहे, मग कोणी कितीही आग्रह करो. पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : “सर, एमएस-सीआयटीला हे चालेल का?” या प्रश्नाला हसणारे लोक मी पाहिले आहेत; मला तो फार शहाणा प्रश्न वाटतो, कारण त्या आईला ठाऊक असते की सरकारी नोकरीच्या जाहिरातीत संगणकाच्या ज्ञानाचे प्रमाणपत्र मागतात आणि तिथे शिकवतात ते विंडोज. टंकलेखन, तक्ता, फाइल जपून ठेवणे हे इथे आले की तिथेही येते, असे आम्ही सांगतो, आणि ते खोटे नाही. पण हे उत्तर तिला पूर्ण पटत नाही, हेही मला तिच्या चेहऱ्यावर दिसते.

प्रत्येक यंत्रावर मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू करून, अक्षरांच्या जागा दाखवणारा एक कागद आम्ही सोबत देतो. ज्या घरात रोज दीड जीबीचा मोबाईल डेटा हेच सारे इंटरनेट आहे, तिथे बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि किविक्स या नेटशिवाय वाचण्याची सोय करणाऱ्या प्रोग्राममार्फत उतरवून घेतलेला मराठी विकिपीडिया आधीच भरून ठेवला की संगणक नेटशिवायही कामाला येतो.

यंत्र घरी गेले की त्याची खरी गोष्ट सुरू होते. दहा बाय दहाच्या खोलीत डेस्कटॉप ठेवायचा कुठे, हा पहिला प्रश्न. दुसरा अर्थिंगचा. तिसऱ्या पिनेला खरी जोडणी नसेल तर डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात, आणि एकदा झिणझिण्या आल्या की आजी त्या यंत्राजवळ कोणाला फिरकू देत नाही. म्हणून आम्ही टेस्टर आणि विजेचा बोर्ड घेऊनच जातो, आणि जिथे वीज वारंवार जाते तिथे तासभर का होईना बॅटरी टिकवणारा लॅपटॉपच देतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबाला संगणक द्या, असा प्रस्ताव एकदा आला होता. सहा महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहणाऱ्या घराला ते यंत्र ओझे झाले असते. आम्ही ते गावातल्या वसतिगृहाला दिले, जिथे ती मुले मागे राहतात.

सुरुवातीच्या वर्षी आम्ही सहा महिन्यांनी भेटायला गेलो, तर एका घरात संगणकावर क्रोशाचे सुंदर विणलेले आच्छादन होते आणि त्यावर गणपतीची छोटी मूर्ती. मोडेल म्हणून कोणी सुरूच केला नव्हता. दुसऱ्या घरी तो मुलीच्या अभ्यासासाठी दिलेला, प्रत्यक्षात धाकटा भाऊ त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळत होता. अमेरिकेत पोर्टलंड शहरात २००० साली फ्री गीक नावाची संस्था सुरू झाली, तिथे लोक ठरावीक तास काम करून त्या बदल्यात संगणक घरी नेत असत. ही कल्पना आम्ही आपल्या पद्धतीने उचलली. पैसे घेत नाही. ज्याला संगणक हवा, त्या मुलाने किंवा मुलीने पालकांपैकी एकासह तीन रविवार यायचे, आपले यंत्र स्वतः उघडायचे, रॅम काढायची, परत बसवायची, बंद पडले तर आधी काय पाहायचे ते शिकायचे. ज्याने यंत्राचे पोट एकदा पाहिले, तो ते झाकून ठेवत नाही. आणि जिच्यासाठी यंत्र दिले तिचे नाव पावतीवर आणि यंत्राच्या झाकणावर, दोन्हीकडे लिहितो. भावाला मग विचारून बसावे लागते.

जे दुरुस्त होत नाही त्याचे काय, हेही सांगतो, कारण दानाच्या नावाखाली कचरा गरिबाच्या दारात जाण्याचा धोका इथे असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नूतनीकरण करणाऱ्यांना आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आम्हीही अशाच एका नोंदणीकृत केंद्राच्या छत्राखाली काम करतो. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला एक चतुर्थांशाहूनही कमी भाग रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेला. उरलेल्याचा पुष्कळसा भाग कुठेतरी उघड्यावर, तांब्यासाठी तारा जाळणाऱ्या हातांत पडतो. म्हणून मेलेला बोर्ड आणि फुगलेली बॅटरी आम्ही त्या केंद्राकडे तोलून देतो आणि पावती घेतो.

आज आमच्या कपाटात अकरा लॅपटॉप पुसून, तपासून तयार आहेत आणि त्यांतले सात जागेवरच आहेत, कारण त्यांच्याबरोबर चार्जर आले नाहीत. प्रत्येक कंपनीची पिन निराळी, कोणाला १९.५ व्होल्ट लागतात तर कोणाला २०, आणि चुकीचा चार्जर लावून प्रयोग करण्याची आमची तयारी नाही. तेव्हा लॅपटॉप पिशवीत भराल तेव्हा पलंगाखालच्या त्या खणातही एकदा पाहा, जिथे जुन्या वायरींचा गुंता पडलेला असतो. चार्जरवरच्या चिठ्ठीवर व्होल्टचा आकडा छापलेला असतो, तो लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेल्या आकड्याशी जुळला की दोन्ही एकत्र बांधा, आणि मगच पिशवी बंद करा. नमस्कार.